द मपेट्स (चित्रपट, २०११)

द मपेट्स : जिम हेन्सन (१९३६–९०) यांच्या मपेट या बाहुलीपरिवारावरचा अमेरिकन संगीतमय कौटुंबिक चित्रपट. दिग्दर्शन जेम्स बॉबिन, पटकथा जेसन सीगल व निकोलस स्टोलर, गाणी मुख्यतः ब्रेट मॅकेन्झी, निर्मिती डिझ्नी. २३ नोव्हेंबर २०११ रोजी तो अमेरिकेत प्रदर्शित झाला. या बाहुल्या चित्रपटगृहात शेवटच्या दिसल्या त्या १९९९ मध्ये. ज्यांनी लहानपणी त्यांच्यावर जीव लावला, ती मुले एव्हाना आईबाप झाली होती. त्यांना जुनी माणसे भेटल्याचा आनंद द्यायचा आणि शेजारी बसलेल्या पोरांना त्याच बाहुल्यांची पहिली ओळख करून द्यायची, अशी दुहेरी जबाबदारी या चित्रपटावर होती. ती त्याने पेलली, कारण बाहुली हातानेच चालवायची हा नियम त्याने सोडला नाही.

परिवाराचा मुख्य बाहुला म्हणजे कर्मिट बेडूक. वॉशिंग्टनच्या दूरचित्रवाणीवरील एका छोट्या कार्यक्रमासाठी हेन्सन यांनी तो १९५५ मध्ये आईच्या जुन्या हिरवट कोटाच्या कापडातून शिवला. डोळ्यांना पिंगपाँगचा चेंडू अर्धा कापून लावला. तेव्हा तो बेडूक नव्हता, सरड्यासारखा कोणीतरी प्राणी होता. बेडूकपण त्याला साठीच्या दशकाच्या शेवटी आले. हा मूळ बाहुला आता स्मिथसोनियन संस्थेच्या संग्रहात आहे. जगभर ओळख झाली ती १९७६ ते १९८१ या काळात लंडनजवळच्या एल्स्ट्री येथे चित्रित झालेल्या १२० भागांच्या ‘द मपेट शो’मुळे. हेन्सन १९९० मध्ये अचानक गेले आणि २००४ मध्ये डिझ्नीने मपेट विकत घेतले.

कथानक साधे आहे. गॅरी (जेसन सीगल) आणि वॉल्टर हे दोघे भाऊ. वॉल्टर बाहुला आहे, पण घरात याबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही. सुरुवातीलाच दोघांची उंची मोजून केलेल्या खुणा दिसतात : गॅरीच्या वर्षागणिक वर चढत जातात, वॉल्टरची आहे तिथेच राहते. वॉल्टरचे एकटेपण या खुणांनी जितके कळते तितके पुढच्या कुठल्याच संवादाने कळत नाही. लॉस एंजेलिसला गेल्यावर मपेटांचा मोडकळीला आलेला स्टुडिओ पाडून टेक्स रिचमन (क्रिस कूपर) तेलासाठी खोदकाम करणार, हे वॉल्टरच्या कानावर पडते. स्टुडिओ वाचवायला एक कोटी डॉलर हवेत. मग पांगलेली मंडळी गोळा होतात. कर्मिट मोठ्या घरात एकटा आहे, फॉझी अस्वल रीनोमध्ये मपेटांची नक्कल करणाऱ्या ताफ्यात नोकरीला लागलाय, गॉन्झो प्लंबिंगच्या धंद्यात गब्बर झालाय, ढोलकी बडवणारा अ‍ॅनिमल राग आवरण्याच्या उपचारकेंद्रात आहे आणि मिस पिगी पॅरिसमध्ये फॅशन मासिकाची संपादक आहे. मदतनिधीसाठी ते थेट प्रक्षेपणाचा खेळ करतात. त्यातल्या मपेट थिएटरचा दर्शनी भाग हॉलिवूडच्या एल कॅपिटन थिएटरचा आहे. पैसे पुरेसे जमत नाहीत, पण बाहेर रस्त्यावर माणसे लोटलेली असतात.

बाहुली चालवण्याची रीत : मपेट ही ना कळसूत्री बाहुली, ना शब्दभ्रमकाराची. सिंधुदुर्गातल्या पिंगुळी गावच्या ठाकर कलावंतांची कळसूत्री बाहुली वरून दोऱ्यांनी हलते. शब्दभ्रमकार प्रेक्षकांसमोर बसून ओठ न हलवता बोलतो. मपेट चालवणारा कॅमेऱ्याच्या चौकटीखाली असतो, त्यामुळे तो तोंड उघडून मोकळेपणाने बोलतो आणि गातो. दूरचित्रवाणीची चौकट हाच रंगमंच धरल्यावर पडदा किंवा आडोशाचा फलक लागत नाही, हे हेन्सन यांनी फार लवकर ओळखले.

उजवा हात डोक्यात : चार बोटे वरच्या जबड्यात, अंगठा खालच्या. डाव्या हातात बाहुलीच्या मनगटांना जोडलेल्या दोन बारीक सळ्या. डावा हातच सळ्या चालवत असल्यामुळे बहुतेक मपेट डावखुरे वाटतात. कर्मिटच्या डोक्यात कडक सांगाडा नाही, मऊ कापडाखाली थेट बोटे आहेत. मूठ किंचित आवळली की त्याचा चेहरा ओशाळल्यासारखा चुरगळतो. फॉझीची रीत वेगळी. त्याचे हात हातमोज्यासारखे असून ते जिवंत बोटांनी हलतात. त्यामुळे त्याला दोन माणसे लागतात : एक डोके आणि डावा हात सांभाळतो, दुसरा फक्त उजवा हात. अंग फोमचे आणि वरून लोकरीसारखे लवदार कापड. टाके त्या लवेत दडतात, म्हणून कॅमेरा अगदी जवळ आला तरी शिवण दिसत नाही.

नवशिक्याची पहिली चूक तोंड उघडण्यात होते. माणसाचा खालचा जबडा हलतो, वरचा हलत नाही. नवखा चार बोटे वर उचलतो. मग प्रत्येक शब्दाला कवटी मागे पडते आणि बाहुलीची नजर छताला लागते. बोटे स्थिर ठेवून अंगठा खाली न्यायचा आणि मनगट जरासे पुढे ढकलायचे. दुसरी चूक म्हणजे शब्द चावणे : आवाज निघताना तोंड मिटते आणि थांबल्यावर उघडते. शब्दाचा जेवढा तुकडा एका दमात उच्चारला जातो, तेवढ्याला एकदाच तोंड उघडायचे. ‘नमस्कार’ लिहिताना चार अक्षरे दिसतात, पण बोलताना न-मस्-कार होते, म्हणून तीनदाच. ‘कार’ लांब, तिथे तोंड जास्त उघडे. तिसरी अडचण दमणुकीची. हात डोक्यावर ताठ धरून मिनिटभर झाले की बाहुली नकळत चौकटीत खाली बुडत जाते, चालवणाऱ्याला मात्र ते जाणवत नाही. त्यासाठी जमिनीवर मॉनिटर ठेवतात. त्यातले चित्र आरशासारखे उलटे नसते, कॅमेऱ्याला दिसते तसेच असते. त्यामुळे बाहुली डावीकडे न्यायची तर हात सवयीच्या उलट दिशेला जातो असे वाटते, आणि ही सवय मोडायला बराच सराव लागतो.

चित्रपटात हे सगळे अवघड होते, कारण चौकट रुंद असते आणि जमीन दिसते. म्हणून नेपथ्य खांबांवर उंच उचलतात आणि खाली माणसे उभी राहतील एवढी जागा ठेवतात. २०११ मध्ये सळ्या संगणकावर पुसता आल्या, ही सोय जुन्या मंडळींना नव्हती. डोळा, जबडा आणि श्वास मात्र हाताचाच राहिला, आणि संगणकावर घडवलेला कर्मिट प्रेक्षकांनी स्वीकारला असता असे वाटत नाही.

बाहुल्या चालवणारी माणसे बदलली होती. कर्मिट १९९० पासून स्टीव्ह व्हिटमायर यांच्या हातात होता. मिस पिगी, फॉझी आणि अ‍ॅनिमल मूळचे फ्रँक ऑझ यांचे. त्यांना ही पटकथा पटली नाही आणि ते चित्रपटापासून दूर राहिले, म्हणून या तिन्ही भूमिका एरिक जेकबसन यांनी केल्या. गॉन्झो मात्र पहिल्यापासूनचे डेव्ह गोल्झ यांच्याकडेच राहिला. नवा वॉल्टर पीटर लिन्झ यांनी चालवला. दुसऱ्याची बाहुली हाती घेणारा आवाजाची नक्कल लवकर शिकतो. बाहुली ऐकताना मान किती कलते आणि उत्तरापूर्वी किती थांबते, हे जुळायला वर्षे लागतात.

‘मॅन ऑर मपेट’ या गाण्यात गॅरीला आरशात स्वतःचे बाहुलीरूप दिसते आणि वॉल्टरला माणूसरूप. या गाण्याला २०१२ मध्ये सर्वोत्कृष्ट मूळ गीताचे ऑस्कर मिळाले. त्या वर्षी या गटात दोनच नामांकने होती. सुमारे साडेचार कोटी डॉलर खर्चाच्या या चित्रपटाने जगभरात १६ कोटींहून अधिक मिळवले. २०१४ च्या पुढच्या भागाला तेवढे यश लाभले नाही.

भारतात मपेटांच्या कुळातल्या बाहुल्या २००६ पासून ‘गली गली सिम सिम’मधल्या चमकी व गुगलीच्या रूपाने घराघरांत पोचल्या. मराठी प्रेक्षकाला जुना बाहुला पुन्हा पडद्यावर भेटल्याचा अनुभव २०१३ मध्ये आला. शब्दभ्रमकार रामदास पाध्ये यांचा तात्या विंचू १९९३ च्या ‘झपाटलेला’नंतर वीस वर्षांनी दुसऱ्या भागात थ्रीडीत परतला, तेव्हाही त्याच्यामागे पाध्येच होते.