प्रादेशिक कृषी-इतिहास संग्रहालय

एखाद्या प्रदेशातील शेतीची अवजारे, शेतघरे, छायाचित्रे व कागदपत्रे जमवून त्यांच्या आधारे तेथील शेतीचा इतिहास जपणारी व मांडणारी संस्था. राष्ट्रीय संग्रहालयाचा भर बहुधा शेतीच्या एकूण वाटचालीवर असतो. एकाच कामाचे अवजार शेजारच्या दोन खोऱ्यांत वेगवेगळे का घडले, हे मात्र प्रादेशिक संग्रहालयच नेमके दाखवू शकते.

यंत्रे आली तशी जुनी लाकडी अवजारे सरपणात आणि लोखंडी भंगारात जाऊ लागली. ती नाहीशी होण्यापूर्वी जमवावीत, या तळमळीतून अनेक संग्रह उभे राहिले. स्टॉकहोम येथे आर्तूर हासेलियस यांनी १८९१ मध्ये सुरू केलेल्या स्कानसेन या खुल्या संग्रहालयात जुनी शेतघरे मूळ जागेवरून हलवून पुन्हा उभारण्यात आली. बुडापेस्ट येथील कृषी संग्रहालय १८९६ मध्ये स्थापन झाले. रेडिंग विद्यापीठाने १९५१ मध्ये इंग्लंडच्या ग्रामजीवनाचे संग्रहालय स्थापिले, तेव्हा तेथे ट्रॅक्टर घोड्यांची जागा झपाट्याने घेत होते. या संग्रहालयात निरनिराळ्या परगण्यांतील मालवाहू शेतगाड्या आहेत. इंग्लंडच्या पश्चिमेकडील गाड्यांच्या बाजू मागच्या चाकांवर कमानीसारख्या वळतात, तर पूर्वेकडील गाड्या सरळ पेटीसारख्या असतात.

अवजार बोलके होते ते त्यावरील वापराच्या खुणांमुळे. फाळ कोणत्या बाजूने झिजला, रुमणे (नांगराची मूठ) हाताच्या पकडीने कोठे गुळगुळीत झाले, मोडलेले इसाड (नांगराची लांब दांडी) कोणत्या लाकडाची जोड देऊन सांधले, यांवरून जमीन, नांगरणारा हात आणि घरची ऐपत या तिन्हींचा अंदाज बांधता येतो. प्राचीन गारगोटीच्या विळापात्यांवरील चकाकीदेखील सिलिकायुक्त देठ कापून आलेली असते, आणि तीवरून पुरातत्त्वज्ञ धान्यकापणीचा माग काढतात. म्हणूनच जुने अवजार घासूनपुसून, रंगरोगण करून नवे दिसेल असे करणे म्हणजे त्यावर लिहिलेले पुसून टाकणे होय. वस्तू स्वीकारतानाच ती कोणत्या शिवारातली, तिला तेथे काय म्हणत आणि ती कोणत्या कामाला लागे, ही माहिती वापरणाऱ्याच्याच शब्दांत टिपून ठेवावी लागते. ती सांगणारी पिढी गेली की मागे उरतो तो निव्वळ सांगाडा.

जतनात लाकडाला वाळवी व भुंगेरे आणि लोखंडाला गंज, हे नित्याचे शत्रू. बियाण्यांचा प्रश्न याहून निराळा आहे, कारण काचेखाली ठेवलेल्या दाण्याची उगवणशक्ती काही वर्षांत सरते. त्यामुळे काही संग्रहालये आपल्या आवारात जुने वाण दर हंगामी पेरून त्यांचे बी राखतात.