सापळ्यात पतंग रात्रीच का येतात?

हरभरा फुलोऱ्यात आला की जिंतूर तालुक्यातल्या आमच्या मामांच्या रानात कामगंध सापळे लागतात. वर झाकण, खाली नरसाळं, त्याला बांधलेली लांब पिशवी आणि झाकणाखाली मादीच्या वासाचं ल्यूर. मागच्या मार्गशीर्षात सकाळी पिशवी उपडी करून घाटे अळीचे नर पतंग मोजता मोजता मामांनी विचारलं, “वास तर रातंदिस चालूच हाय. मंग दिवसा कामून एकबी येत नाही?”

“मामा, ते निशाचर असतात,” मी म्हणालो. मामा गप्प बसले. निशाचर म्हणजे रात्री फिरणारा. मी त्यांचाच प्रश्न संस्कृतात करून त्यांना परत दिला होता.

खरं उत्तर पतंगाच्या डोक्यातल्या घड्याळापासून सुरू होतं. 1971 मध्ये रोनाल्ड कोनोप्का आणि सेमूर बेंझर यांना फळमाशीत एक जनुक सापडलं. त्यात बिघाड झाला की माशीचा दिवस 24 ऐवजी 19 किंवा 28 तासांचा व्हायचा, नाहीतर दिवस-रात्रीचा ताळच सुटायचा. हे घड्याळ पेशीत कसं चालतं ते उलगडणाऱ्या तिघांना 2017 चं नोबेल मिळालं. त्यावर भरपूर लिहिलं गेलंय. मला जास्त गंमत वाटते ती पुढच्या भागाची. ग्रामपंचायतीच्या भिंतीवर घड्याळ असून गावाचं भागत नाही, हलगी वाजवत गल्लोगल्ली दवंडी द्यावी लागते. किड्याच्या अंगात ही दवंडी देतं कोण?

न्यूरोपेप्टाइड. म्हणजे चेतापेशीतून सुटणारी, अमिनो आम्लांची छोटीशी माळ. चेतापेशींचं नेहमीचं बोलणं शेजारणीच्या कानात सांगितल्यासारखं असतं, क्षणात सांगून मोकळं. न्यूरोपेप्टाइड मात्र आजूबाजूला पसरतं, कधी रक्तातून थेट शेपटीपर्यंत जातं, आणि ज्या पेशीवर त्याचा ग्राहक, म्हणजे ते ओळखून पकडणारा रेणू, असेल ती पेशी ऐकते. बाकीच्यांच्या कानावरून ते नुसतं जातं.

याचा सगळ्यात देखणा पुरावा 1970 चा आहे. जेम्स ट्रुमन आणि लिन रिडिफर्ड यांनी रेशीम देणाऱ्या दोन जंगली पतंगांच्या जाती घेतल्या. एकीचे पतंग कोषातून सकाळी बाहेर पडत, दुसरीचे दिवस कलल्यावर. कोषातल्या प्यूपाचा, म्हणजे अळीचा पतंग होत असलेल्या किड्याचा, मेंदू काढून टाकला तरी पतंग बाहेर यायचा, पण वेळेचा पत्ता नसायचा. तोच मेंदू पोटात नुसता ठेवून दिला, एकही चेता न जोडता, की वेळ पुन्हा बरोबर! मग त्यांनी मेंदूंची अदलाबदल केली. सकाळच्या पतंगात दुपारचा मेंदू घातला, तर तो दुपारी बाहेर आला. अंग कोणाचंही असो, वेळ मेंदूवाल्याची. तार जोडलेली नसताना निरोप पोचला, म्हणजे तो रक्तातून गेला असणार. पुढे त्या निरोपाची ओळख पटली, तीही एक पेप्टाइडच निघाली. (जालना-बीडकडे तुती लावून रेशीम काढणाऱ्यांना हे सांगून बघा. त्यांचे कोष पतंग निघायच्या आधीच बाजारात जातात. पण अंडीपुंज तयार करणाऱ्या केंद्रात पतंग पहाटे-सकाळीच निघतात, तिथल्या कामाच्या वेळा त्यावरच बसवाव्या लागतात.)

दवंडीचं दुसरं काम घड्याळांचीच एकमेकांशी वेळ जुळवायचं. फळमाशीच्या मेंदूत घड्याळ असलेल्या चेतापेशी दीडशेहून अधिक. त्यांतल्या मोजक्या सोळा, डावीकडे आठ आणि उजवीकडे आठ, पीडीएफ (पिगमेंट डिस्पर्सिंग फॅक्टर) नावाचं 18 अमिनो आम्लांचं पेप्टाइड सोडतात. हे कुळ आधी सापडलं ते खेकड्यासारख्या कवचधारी प्राण्यांत. तिथे ते अंगावरचे रंगकण पसरवतं, म्हणून नावही रंगावरून पडलं आणि माशीला तसंच चिकटलं. 1999 मध्ये पीडीएफ नसलेल्या माश्या तपासल्या. उजेड-अंधार नेमाने मिळत होता तोवर त्यांचं बरं चाललं होतं. पहाटे उजाडायच्या आधीची चुळबुळ तेवढी गेली आणि संध्याकाळची लगबग लवकर सुरू झाली. पण सतत अंधारात ठेवल्यावर दोन-तीन दिवसांत बहुतेक माश्यांचा ताल सुटला. भिंतीवरची घड्याळं होती, एकमेकांना मिळवून घेणारं कोणी उरलं नाही. आणखी एक गोष्ट मला विलक्षण वाटते. या सोळांपैकी लहान पेशींची टोकं सकाळी फांद्यांसारखी पसरतात आणि रात्री आवरून घेतात. रोज!

आता मामांचा सापळा. आपल्या घाटे अळीची अमेरिकेत एक चुलत बहीण आहे, मक्याची कणसं पोखरणारी. तिच्या माद्यांवर अशोक रैना आणि सहकाऱ्यांनी 1984 मध्ये प्रयोग केले. मानेला दोरा आवळला की मादीचा गंध बंद. मग मेंदूचा अर्क टोचला की गंध सुरू. 1989 मध्ये त्या अर्कातलं पेप्टाइड वेगळं झालं, 33 अमिनो आम्लांचं. त्याला पीबीएएन म्हणतात. अन्ननलिकेखालच्या चेतागाठीत ते बनतं आणि रक्तातून पोटाच्या टोकाशी असलेल्या गंधग्रंथीला हुकूम देतं. अंधार पडला की हुकूम, उजाडलं की शांत. नराचंही तसंच. वासाला धावून जायची त्याची वेळ त्याच्याच घड्याळाने ठरते. म्हणून दुपारी ल्यूर कितीही दरवळो, नर पानाखाली पाय दुमडून बसलेला असतो.

ही दवंडीच बंद पाडली तर? असा विचार कीटकशास्त्रज्ञांनी केलेला आहे. अडचण अशी की पेप्टाइड फवारलं तर किड्याच्या कातडीतून आत शिरत नाही, आणि पोटात गेलं तर पचून जातं. म्हणून न पचणाऱ्या नकला बनवायची खटपट चालू आहे.

हे सगळं मी मामांना फोनवर सांगितलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि म्हणाले, “म्हंजे ल्यूर खराब नाही ना? मी दुकानदाराला उगंच बोललो मंग.”