काउंटी बोर्डात सन्मान आधी, तक्रार नंतर: हा क्रम आला कुठून?

कॅलिफोर्नियात दिवाळी जवळ आली की काउंटी बोर्डाचं, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या विभागाच्या निवडून आलेल्या मंडळाचं, सन्मानपत्र मिळवायची लगबग सुरू होते. चार-पाच 'ज्याअर्थी' आणि शेवटी एक 'त्याअर्थी' असलेला सोनेरी शिक्क्याचा कागद, सुपरवायझरांच्या, म्हणजे बोर्डाच्या सदस्यांच्या, शेजारी उभं राहून फोटो, टाळ्या. फोटो झाला की आपली मंडळी पार्किंगकडे वळतात. मागच्या रांगांमध्ये मात्र काही जण तक्रार मांडायचा आपला नंबर येण्याची वाट बघत बसूनच असतात. कुणाला काउंटीच्या तुरुंगातल्या मुलाच्या औषधांबद्दल बोलायचं असतं, कुणाचं वणव्यात जळालेलं घर परत बांधायचं परमिट अडकलेलं असतं.

१९५२ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या एका दैनिकाने स्थानिक कारभार बंद दाराआड कसा चालतो यावर लेखमाला छापली. त्यातून १९५३ चा खुल्या बैठकांचा कायदा आला. पण त्या कायद्याने दार उघडलं ते फक्त येऊन ऐकण्यासाठी. बैठकीत उभं राहून बोलण्याचा हक्क १९८६ च्या दुरुस्तीने दिला. अजेंडा, म्हणजे बैठकीच्या विषयांची यादी, ७२ तास आधी लावण्याची सक्तीही तेव्हाचीच.

आजची सगळी भांडणं या १९८६ च्या दुरुस्तीत दडलेली आहेत, म्हणून ती नीट बघायला हवी. विषय अजेंडावर असेल तर त्यावर निर्णय होण्याआधी किंवा चर्चा चालू असताना लोकांना बोलू दिलंच पाहिजे, असं ती सांगते. अजेंडाबाहेरच्या तक्रारीसाठीही नियमित बैठकीत वेळ ठेवावाच लागतो. पण तो सकाळी नऊला की दुपारी तीनला, हे कायदा ठरवून देत नाही. एकूण किती वेळ द्यायचा, माणशी किती मिनिटं द्यायची, याचे 'वाजवी' नियम बोर्डानेच करायचे. टीका केली म्हणून कुणाला गप्प करता येत नाही, पण ताटकळत ठेवता येतं. अर्ध्या दिवसाची रजा टाकून आलेल्या माणसाला सन्मानांचा अर्धा-पाऊण तास आणि नंतरचे सगळे विषय संपेपर्यंत थांबायला लावणं नियमात बसतं. मला हे वाजवी वाटत नाही. नंबर लागला तरी समोर वेळ मोजणारा हिरवा, पिवळा, लाल दिवा असतोच. तीन मिनिटं ठरलेली असली तरी बोलणारे वाढले की ती एकावर येतात.

तक्रार ऐकून बोर्ड गप्प का बसतं, असं रहिवासी रागाने विचारतात. अजेंडावर नसलेल्या विषयावर चर्चा किंवा निर्णय करायला कायद्याचीच बंदी आहे. नाहीतर त्या दिवशी हजर नसलेल्यांच्या माघारी कारभार उरकला जाईल. ही बंदी मला पटते. मात्र थोडक्यात उत्तर देणं, कर्मचाऱ्यांकडून अहवाल मागवणं, विषय पुढच्या अजेंडावर घेणं याला पूर्ण मुभा आहे. तेवढंही न करता 'धन्यवाद, पुढचे' म्हटलं जातं, तेव्हा दोष कायद्याचा नसतो.

२०१६ च्या एका दुरुस्तीने दुभाष्यामार्फत बोलणाऱ्याला किमान दुप्पट वेळ देणं बंधनकारक केलं. मुलांकडे राहायला आलेल्या आजी-आजोबांना काउंटी इस्पितळातली अडचण मराठीतून मांडता येते, आणि त्यासाठी नागरिकत्वही लागत नाही.

सन्मानपत्रावर असा कुणाचा हक्क नाही. ते सरकारचं स्वतःचं बोलणं मानलं जातं. कुणाला द्यायचं, कुणाला नाही, ही बोर्डाची मर्जी. सरकारचं बोलणं कुठलं आणि लोकांचं कुठलं, हीच रेघ झेंड्यांच्या वादात कळीची ठरली. बोस्टन शहराने १२ वर्षांत २८४ वेळा लोकांना शहराच्या खांबावर झेंडे चढवू दिले आणि मग एका ख्रिस्ती गटाला नकार दिला. २०२२ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने ठरवलं की तो खांब तोवर लोकांचाच झाला होता, त्यामुळे नकार चुकीचा. पुढच्याच वर्षी कॅलिफोर्नियातल्या ऑरेंज काउंटीच्या बोर्डाने ३ विरुद्ध २ मतांनी काउंटीच्या इमारतींवर ठरावीक सरकारी आणि लष्करी झेंड्यांपलीकडे काही लावायचं नाही असं ठरवलं. समलैंगिकांच्या हक्कांचा इंद्रधनुषी झेंडा बाद झाला.

२०२० च्या साथीत फोनवरून बोलायची सोय आली आणि नोकरी करणाऱ्यांना पहिल्यांदा घरबसल्या बोर्डापुढे बोलता आलं. त्याबरोबर संतापही आला. ऑगस्ट २०२१ मध्ये सॅन डिएगो काउंटीत आरोग्याबद्दलच्या चुकीच्या माहितीविरुद्धच्या ठरावावर शेकडो लोक बोलायला उभे राहिले, बैठक रात्रीपर्यंत लांबली. सांता क्लारा काउंटीतल्या एका गावात महापौरांना इतका त्रास झाला की त्यातून २०२२ चा नवा कायदा निघाला; बैठक उधळणाऱ्याला आधी ताकीद देऊन मग बाहेर काढता येऊ लागलं. २०२३ मध्ये बाहेरच्या टोळ्या फोनवरून ज्यूंविरुद्ध गरळ ओकू लागल्या, तेव्हा अनेक ठिकाणी ही सोयच बंद झाली. शिक्षा झाली ती पाळीवर काम करणाऱ्यांना, अंथरुणाला खिळलेल्यांना.

२०२५ च्या ऑक्टोबरमध्ये दोन कायद्यांवर सह्या झाल्या. एकाने दिवाळीला राज्याच्या सुट्ट्यांच्या यादीत आणलं. त्याची बातमी आपल्या सगळ्या ग्रुपांवर फिरली. दुसऱ्याने मोठ्या शहरांना आणि काउंट्यांना जुलै २०२६ पासून दुरून बोलायची सोय देणं बंधनकारक केलं. तक्रारींची वेळ सन्मानांच्या आधी की नंतर, हे मात्र अजूनही प्रत्येक बोर्डाच्या स्वतःच्या नियमावलीत ठरतं. ती नियमावली बदलायची तर खुल्या बैठकीत, अजेंडावर विषय घेऊनच बदलावी लागते, आणि त्या विषयावर कुणालाही बोलता येतं.