टाकाऊच्या शेजारचं टिकाऊ

‘टिकणे’ला ‘आऊ’ लागलं की ‘टिकाऊ’. हाच प्रत्यय लढाऊ, शिकाऊ, जळाऊ, विकाऊ, टाकाऊ यांनाही लागतो, पण सगळीकडे सारखं काम करत नाही. लढाऊ म्हणजे लढणारा, शिकाऊ म्हणजे अजून शिकणारा. जळाऊ लाकूड मात्र जाळण्यासाठीचं आणि टाकाऊ वस्तू टाकून देण्याजोगी. म्हणजे ‘टाकाऊतून टिकाऊ’ या जोडीत यमक जुळतं, व्याकरण जुळत नाही: टिकाऊ वस्तू स्वतः टिकते, टाकाऊ वस्तूला दुसरं कुणी टाकतं. (शाळेत याच नावाखाली आइस्क्रीमच्या काड्यांचा पेनस्टँड केला होता. दिवाळीच्या सुट्टीआधीच त्याचा डिंक सुटला.)

जवळचे शब्द बाहेरून आले किंवा वेगळ्या वाटेने आले. ‘मजबूत’ अरबी, फारसीच्या हाताने मराठीत आलेला. ‘जप्त’ही त्याच धातूचा, म्हणजे मुळात घट्ट धरून ठेवणं. ‘पक्का’ संस्कृत ‘पक्व’मधून आला, म्हणून भट्टीत भाजलेली वीट पक्की. ‘मजबूत’ आणि ‘पक्का’ वस्तू आज कशी आहे ते सांगतात. ‘टिकाऊ’ काळाचा हिशोब मांडतो. कोकणात खाऱ्या वाऱ्यात लोखंडी गेट मजबूत असतं, टिकाऊ नसतं.

१९८७ साली संयुक्त राष्ट्रांच्या ब्रुंटलँड आयोगाच्या अहवालातून विकासाची नवी कल्पना जगभर पसरली: आजच्या गरजा भागवायच्या, पण पुढच्या पिढ्यांच्या वाट्याचं संपवायचं नाही. तिच्यासाठी मराठीत ‘शाश्वत विकास’ रूढ झालं. गीतेत ‘शाश्वत’ हे आत्म्याचं विशेषण आहे, कधीच न संपणारा. धरण, शेती, विहिरीचं पाणी यांच्यासाठी ते जरा जास्तच झालं. ‘टिकाऊ’ बरं होतं, पण त्याला दुकानाचा वास येतो म्हणून कदाचित मागे पडलं असावं.

बोलताना आपण हे विशेषण जपूनच वापरतो. कापडवाला गिऱ्हाइकापुढे ठाण उलगडून ‘टिकाऊ आहे’ म्हणतो, पण लोणचं ‘टिकाऊ’ नसतं, ते ‘वर्षभर टिकतं’. आरक्षणाच्या वादातही मागणी सहसा ‘टिकणाऱ्या’ आरक्षणाची असते, ‘टिकाऊ’ आरक्षणाची नाही. टिकाऊपणा हा अंगचा गुण, तो विकणाराही आधीच सांगू शकतो. टिकणं मात्र कसोटीनंतरच कळतं. मराठा आरक्षणाचा २०१८चा कायदा उच्च न्यायालयात टिकला, तरी मे २०२१मध्ये सर्वोच्च न्यायालयात टिकला नाही. फेब्रुवारी २०२४मध्ये नवा कायदा झाला, तेव्हाही चहाच्या टपरीपासून टीव्हीपर्यंत पहिला प्रश्न तोच होता, ‘पण हे टिकणार का?’