पार्श्वभूमी: गाळ्यांच्या पट्ट्यातले चपळ उत्पादन

केंद्राने जुलै २०२५ मध्ये संशोधन, विकास आणि नवोन्मेषासाठी एक लाख कोटी रुपयांची योजना मंजूर केली. प्रगत आणि चपळ (ऑर्डर बदलली की लगेच बदलू शकणाऱ्या) उत्पादनासाठी आधी कशाला पैसे द्यायचे, हा प्रश्न तेव्हापासून पुन्हा चर्चेत आहे. रोबो, थ्रीडी प्रिंटिंग, डिजिटल ट्विन (यंत्राची संगणकातली प्रतिकृती) ही नावे प्रत्येक बैठकीत येतात. वागळे इस्टेट आणि ठाणे-बेलापूर पट्ट्यापुरते बोलायचे तर इथला इतिहास वेगळा क्रम सुचवतो.

साठच्या दशकाबद्दल फार सांगण्याची गरज नाही. १ ऑगस्ट १९६२ ला राज्याच्या औद्योगिक महामंडळाचा कारभार वागळे इस्टेटमधून सुरू झाला, मग खाडीपलीकडे दिघ्यापासून नेरुळपर्यंत प्लॉट पडले. मोठे कारखाने आले आणि त्यांच्या आसऱ्याने जॉबवर्कचे गाळे उभे राहिले. १९६७ मध्ये ४७ वस्तू लघुउद्योगांसाठी राखीव झाल्या. ही यादी पुढे आठशेच्या वर गेली आणि तिच्यातल्या शेवटच्या २० वस्तू एप्रिल २०१५ मध्ये निघाल्या. राखीव माल बनवायचा तर गुंतवणूक मर्यादेतच ठेवावी लागे. त्यामुळे एका छपराखाली सगळी यंत्रे आणण्याऐवजी एकेका कामात हात बसलेले गाळे तयार झाले. एक टर्निंगवाला (लेथवर कातणारा), एक ग्राइंडिंगवाला (घासून नेमके माप देणारा), एक हीट ट्रीटमेंटवाला (भट्टीत धातू कडक करणारा), एक हार्ड क्रोमवाला (क्रोमचा कठीण थर चढवणारा).

या रचनेचा फायदा कागदावर कधी नीट मांडला गेला नाही. पंपाचा एखादा शाफ्ट रबाळ्यात टर्न व्हायचा, वागळेत हार्डनिंग होऊन ग्राइंडिंगला जायचा, तुर्भ्यात क्रोम चढायचा. टेम्पो ठाणे-बेलापूर रोडवर दिवसभर हेच करत. सोबत उत्पादन शुल्काच्या मॉडव्हॅट पद्धतीच्या काळातले, जॉबवर्कला माल पाठवण्याचे ५७ एफ (४) चे चलान असे. ड्रॉईंग बदलले तर मालक स्वतः स्कूटर काढून पुढच्या गाळ्यात जाऊन सांगत असे. १९९१ मध्ये अमेरिकेतल्या एका विद्यापीठाशी जोडलेल्या संस्थेच्या अहवालाने ‘अ‍ॅजाइल मॅन्युफॅक्चरिंग’ ही संकल्पना पुढे आणली. अनेक लहान उद्योगांनी गरजेपुरते एकत्र येऊन ऑर्डर पूर्ण करायची, हा तिचा गाभा. इथे ते आधीपासून चालू होते, फक्त संगणकाशिवाय.

मग १९९८ आले. राज्याच्या पहिल्या माहिती तंत्रज्ञान धोरणाने आयटी उद्योगांना जादा चटईक्षेत्राची, म्हणजे त्याच प्लॉटवर जास्त बांधकामाची सवलत दिली, आणि पुढच्या धोरणांनी ती चालू ठेवली. या निर्णयावरचा वाद अजून मिटलेला नाही, म्हणून त्यावर थोडे थांबायला हवे. बाजूने बोलणारे सांगतात की रसायनांचे आणि अभियांत्रिकीचे मोठे कारखाने तसेही बंद पडत होते, जमिनी पडून होत्या, आणि शिकलेल्या मुलांना नोकऱ्या हव्या होत्या. यात खोटे काही नाही. २००४ मध्ये ठाण्याहून तुर्भे-वाशीकडे लोकल सुरू झाली, ऐरोली-महापेच्या काचेच्या इमारती भरल्या आणि हजारो घरे त्यावर उभी राहिली.

पण हिशेबाची दुसरी बाजू कमी लिहिली गेली. ज्या प्लॉटवर आयटी पार्क जास्त मजल्यांचा होतो, त्या प्लॉटवर शेडमधली यंत्रे चालवणे मालकाला परवडेनासे झाले. यंत्रांपेक्षा जमीन महाग झाली. आधी भट्ट्या आणि प्लेटिंगची दुकाने हलली, कारण त्यांना जागा जास्त लागते, शेजाऱ्यांना धूर आणि वास नको असतो. कुणी वसईला गेले, कुणी भिवंडी-अंबरनाथला, कुणी तळोज्याला. मागे राहिलेल्या गाळ्याकडे तेच लेथ आणि तोच कारागीर आहे, पण दिवसभरात फिरून येणारा नग आता परगावी मुक्काम करून येतो. सवलत देताना जवळपणाची किंमत धरली गेली नाही, हे माझे स्पष्ट मत आहे. कुठल्या प्रक्रिया पट्ट्यात टिकायलाच हव्यात, हे ठरवून तेवढे प्लॉट राखता आले असते. आता ऐरोली, रबाळे, महापे भागात डेटा सेंटरे आली आहेत आणि जमिनीवरचा दाब वाढतोच आहे.

जर्मनीने २०११ मध्ये इंडस्ट्री ४.० चा, म्हणजे कारखान्यातली यंत्रे संगणकाने एकमेकांशी जोडण्याचा नारा दिला. त्याच वर्षी आपल्या राष्ट्रीय उत्पादन धोरणाने जीडीपीत उत्पादनाचा वाटा २५ टक्क्यांवर नेण्याचे लक्ष्य ठेवले. पुढे केंद्र सरकारच्या ‘समर्थ उद्योग’ उपक्रमाखाली चार केंद्रे झाली. एक पुण्यात, एक दिल्लीत, दोन बंगळुरूत. ती कामाची आहेत, पण त्यांचा भर सेन्सर, जोडणी आणि डेटावर आहे.

गाळ्यातली अडचण सेटिंगची, म्हणजे प्रत्येक नव्या कामासाठी मशीन जुळवण्याची आहे. वीस-पंचवीस नगांची ऑर्डर येते. सेटर (मशीन जुळवणारा कारागीर) बाईस, म्हणजे नग धरणारी पकड बसवतो, मापाचा डायल फिरवून ती सरळ करतो, एकेका टूलचा ऑफसेट (लांबीचे माप) घेतो, पहिला पीस काढतो, तो तपासून पास होईपर्यंत व्हीएमसी (संगणकावर चालणारे मिलिंग मशीन) उभे. प्रत्यक्ष कटिंग त्यापेक्षा लवकर संपते. जपानमधल्या एका मोटार कारखान्यात १९६९ मध्ये हजार टनी प्रेसचा डाय (साचा) बदलायला चार तास लागत. बदलाचे काम यंत्र चालू असताना किती उरकता येते, हे बारकाईने पाहून तो वेळ आधी दीड तासावर आणि मग तीन मिनिटांवर आणला गेला. तिथे रोबो नव्हता. आपल्या जुन्या मशीनवर बसतील असे स्वस्त, एका मापाचे फिक्स्चर (नग पक्का धरून ठेवणारे साधन), मशीनवरच मोजमाप, आणि चार गाळ्यांचे वेळापत्रक एकत्र लावणारी साधी प्रणाली, संशोधनाची पहिली यादी इथून सुरू व्हायला हवी.

पट्ट्यातल्या रसायन उद्योगाचेही दुखणे हेच. तिथे सेटिंगच्या जागी रिअ‍ॅक्टर (रसायन बनवण्याचे भांडे) धुणे येते. शिवाय उत्पादन बदलायचे तर पर्यावरण मंजुरी आड येई. २०१६ मध्ये केंद्राने नियम सैल केला. प्रदूषणाचा भार वाढत नसेल तर उत्पादनांचे मिश्रण बदलताना नवी मंजुरी लागू नये, अशी तरतूद आली. पण भार वाढत नाही हे दाखवायला मोजमाप लागते, आणि लहान कारखान्याला झेपेल असे मोजमाप हाही संशोधनाचाच विषय आहे.

नव्या लाख कोटींच्या योजनेत मदत मुख्यतः दीर्घ मुदतीच्या, कमी किंवा शून्य व्याजाच्या कर्जाची आहे, आणि तंत्रज्ञान प्रयोगशाळेत सिद्ध होण्याच्या पायरीपर्यंत आलेले असावे लागते. ज्याच्याकडे संशोधन विभाग आहे त्याला हे जमेल. लहान उद्योगांच्या समूहांसाठीच्या क्लस्टर योजनेतून सामाईक सुविधा केंद्राला अनुदान मिळते, पण ते इमारत आणि यंत्रांसाठी. रबाळ्यातल्या दहा गाळ्यांनी मिळून फिक्स्चरवर वर्षभर काम करायचे ठरवले, तर त्यांनी अर्ज कुठे करायचा याचे उत्तर या दोन्ही योजनांत नाही.