एकाच साक्षीदाराच्या तीन साक्षी

आरएसआय ३० च्या खाली. स्टोकॅस्टिक २० च्या खाली. भाव बोलिंजर बँडच्या खालच्या रेषेला टेकलेला. शेअरच्या भावावरून काढलेली ही तिन्ही मापं, म्हणजे इंडिकेटर, ‘भाव फार पडलाय, घ्या’ म्हणताहेत, मग खात्री तिप्पट झाली ना? अल्गो, म्हणजे आपोआप सौदे करणारा संगणकी प्रोग्राम, लिहायला बसलेले अनेकजण पहिला नियम असाच लिहितात आणि तिथेच फसतात.

वेल्स वाइल्डर या अमेरिकी अभियंत्याने १९७८ मध्ये मांडलेला आरएसआय साधारणपणे १४ दिवसांतल्या चढ-उतारांची सरासरी तोलतो. आजचा भाव अलीकडच्या उच्चांक-नीचांकाच्या मध्ये कुठे आहे, हे स्टोकॅस्टिक सांगतो. २० दिवसांच्या सरासरीपासून तो किती लांब गेला, हे बोलिंजर. तिघांचा कच्चा माल एकच, अलीकडचे भाव. भाव सलग पडला की तिघेही एकदम खाली जाणारच. गावातल्या तिघांनी एकाच माणसाकडून ऐकलेली बातमी तीनदा खरी ठरत नाही.

म्हणून इंडिकेटरांची मतं मोजू नयेत, कामं वाटून द्यावीत. बाजाराचा कल २०० दिवसांच्या सरासरीने ठरवावा. भाव तिच्या वर असेल तरच खरेदीचा विचार. वेळ आरएसआयने साधावी. आणि किती शेअर घ्यायचे, हे एटीआरने.

हा तिसरा भाग मला सर्वांत मोलाचा वाटतो. एटीआरही वाइल्डरचाच, शेअर दिवसाला सरासरी किती हलतो, ते तो सांगतो. भांडवल ५ लाख, एका सौद्यात जोखीम १ टक्का, म्हणजे ५,००० रुपये. एटीआर २० रुपये आणि स्टॉपलॉस, म्हणजे तोटा थांबवायला शेअर विकायचा भाव, खरेदीपेक्षा त्याच्या दुप्पट, ४० रुपये खाली ठेवला, तर १२५ शेअर. शेअर जितका चंचल, तितकी संख्या आपोआप कमी.

मग बॅकटेस्ट, म्हणजे जुन्या भावांवर नियमांची चाचणी. नियमांतल्या चार आकड्यांचे प्रत्येकी १० पर्याय तपासले की १०,००० जोड्या होतात. त्यांतल्या काही निव्वळ योगायोगानेही देखण्या दिसतात. शिवाय बंद भावावरून निघालेल्या संकेताचा सौदा त्याच भावाला झाल्याचं धरलं, तर नफा कागदावरच राहतो. सौदा दुसऱ्या दिवशीच्या भावाला धरावा, ब्रोकरेज आणि एसटीटी (शेअरच्या सौद्यांवरचा कर) वजा करून.

नियम २०१८ पर्यंतच्या डेटावर ठरवावेत, पुढचा झाकून ठेवावा. त्या झाकलेल्या भागात २३ मार्च २०२० आहे: निफ्टी एका दिवसात सुमारे १३ टक्के कोसळला. आरएसआय त्याआधीच ३० च्या खाली होता. निव्वळ त्याच्या भरवशावरचा अल्गो पडत्या बाजारात खरेदी करत सुटला असता. २०० दिवसांच्या सरासरीने मात्र दार लावून घेतलं होतं.