गिरसप्पाच्या नावाचं जहाज

जुन्या मराठी भूगोलात जोगचा धबधबा ‘गिरसप्पा’ याच नावाने भेटतो. शरावतीकाठचं हे गाव उत्तर कानडा जिल्ह्यातलं, आणि तो जिल्हा १९५६ पर्यंत मुंबईच्याच कारभाराखाली होता, म्हणून नावही आपल्या ओळखीचं. हेच नाव इंग्रजी स्पेलिंगच्या तोंडून ‘गैरसोप्पा’ होऊन एका मालवाहू जहाजाच्या नाळेवर लागलं. २०११ साली ते जहाज अटलांटिकच्या तळाशी सापडलं आणि जगभर बातमी झाली ती त्यातल्या चांदीची. चांदीच्या आधीची बावीस वर्षं आणि चांदीबरोबर गेलेली माणसं त्या बातम्यांत दोन ओळींत आटोपली होती.

जहाज मुळात पहिल्या महायुद्धासाठीच आखलेलं. जर्मन पाणबुड्या जहाजं बुडवत होत्या त्याहून वेगाने नवी बांधायची म्हणून ब्रिटिश सरकारने ठरावीक साच्याची जहाजं काढली आणि सगळ्यांच्या नावाआधी ‘वॉर’ लावलं. इंग्लंडच्या ईशान्येला, टाइन नदीवरच्या जॅरो इथल्या पामर्स कंपनीच्या गोदीत यातलंच एक ‘वॉर रोबक’ तयार होत होतं. ते पुरं होईपर्यंत युद्धच संपलं. १९१९ मध्ये ब्रिटिश इंडिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीने ते घेतलं. या कंपनीला हिंदुस्थानातली गावं, नद्या शोधून जहाजांना नावं द्यायची सवय होती. कारंजा, द्वारका ही जहाजंही तिचीच. गैरसोप्पा साधारण ४१२ फूट लांब, ५,२३७ टनी (हे टन आकारमानाचे, वजनाचे नव्हेत), कोळशावर चालणारं. ऐट काही नाही. दोन युद्धांच्या मधली सगळी वर्षं त्याने चहा, ताग, धान्य, लोखंड जे मिळेल ते वाहिलं.

अशा जहाजावरचं मनुष्यबळ कसं असे ते सांगितल्याशिवाय पुढचं नीट कळणार नाही. वर मोजके गोरे अधिकारी, खाली साठ-सत्तर हिंदी खलाशी. इंग्रजी कागदपत्रांत ते सगळे ‘लास्कर’, पण जहाजावर त्यांची स्वतःची उतरंड होती: सारंग, त्याच्या हाताखाली टंडेल, मग खलाशी, सुकाणू धरणारा सुकाणी, सामानाच्या कोठाराचा कसाब, रसोईचा भंडारी. इंजिनाच्या पोटात आगवाले आणि कोयलावाले. माणसं यायची सिल्हेट-चितगावकडून, पंजाबातून, आपल्या रत्नागिरीच्या किनाऱ्यावरून. खानसामे म्हणून गोवेकर. दुसरं महायुद्ध सुरू झालं तेव्हा ब्रिटिश व्यापारी जहाजांवर असे सुमारे पन्नास हजार लोक होते, म्हणजे जवळपास चौथा हिस्सा. गोऱ्या खलाशाच्या मानाने पगार अगदी अल्प. युद्ध सुरू होताच, १९३९ च्या शेवटच्या महिन्यांत, त्यांनी लंडनसह कितीतरी बंदरांत संप केले. पाणतीर (टॉर्पेडो) लागला तर गोरा-काळा सारखाच बुडणार, मग पगार का वेगळा, हे समजायला कुणी पुढारी लागत नव्हता. थोडी वाढ मिळाली. अनेकांना तुरुंगही मिळाला.

१९४० च्या डिसेंबरात गैरसोप्पा कलकत्त्याहून निघालं. पोटात सुमारे सात हजार टन माल: बिडाचे ठोकळे, चहा आणि चांदी. त्याच १९४० साली इकडे हिंदुस्थानात नाण्यांतली चांदी सरकार हळूहळू काढून घेत होतं. जुने व्हिक्टोरिया रुपये परत मागवायला सुरुवात झाली होती, नव्या रुपयात चांदी निम्म्यावर आली होती, एक रुपयाची नोट लोकांच्या हातात पडली होती. आजीच्या पेटीतला ‘राणीछाप’ रुपया एवढा दुर्मीळ का झाला, याचं एक उत्तर या वर्षात आहे.

इटली युद्धात उतरल्यामुळे भूमध्य समुद्राची जवळची वाट मालवाहू जहाजांना बंद झाली होती. म्हणून आफ्रिकेला पुरा वळसा घालून सिएरा लिओनच्या फ्रीटाऊन बंदरात जमायचं आणि तिथून ताफ्याने इंग्लंड गाठायचं असा शिरस्ता पडला. जानेवारी १९४१ संपता संपता गैरसोप्पा एसएल-६४ या ताफ्यात सामील झालं. ताफ्याचा वेग सगळ्यांत मंद जहाजाला झेपेल तेवढा, म्हणजे तासाला आठ-एक सागरी मैल. फार म्हणण्यासारखं संरक्षणही या वाटेवर नसे. फेब्रुवारीच्या १२ तारखेला याच मार्गावरच्या दुसऱ्या, आणखी मंद ताफ्यावर ‘अॅडमिरल हिपर’ ही जर्मन क्रूझर तुटून पडली आणि तिने सात जहाजं बुडवली.

गैरसोप्पाचं मात्र वाकडं केलं ते वाऱ्याने. समोरून वारा, उंच लाटा, जहाज जड. वेग पाचावर आला आणि कोळशाचा हिशोब कोलमडला. १४ फेब्रुवारीच्या सुमारास कप्तान जेराल्ड हायलंड यांच्यापुढे दोनच वाटा होत्या: ताफ्याबरोबर राहून भरसमुद्रात कोळसा संपू द्यायचा, किंवा एकट्याने फुटून आयर्लंडचं गॉलवे बंदर गाठायचं. त्यांनी दुसरी धरली. याला कुणी चूक म्हणेलही. मला नाही वाटत. कोळसा संपलेलं जहाज म्हणजे लाटेवरचा ओंडका, आणि त्याची वाट बघत ताफा थांबत नसतो.

१६ तारखेला वर एक जर्मन टेहळणी विमान दिसलं, घिरट्या घालून गेलं. रात्री यू-१०१ पाणबुडीने, तिचा कप्तान एर्न्स्ट मेंगर्सन, सोडलेला पाणतीर उजव्या कुशीला दोन नंबरच्या फाळक्यात, म्हणजे मालाच्या कप्प्यात, लागला. पुढची डोलकाठी कोसळली आणि तिच्याबरोबर बिनतारी यंत्राच्या तारा तुटल्या. मदतीची हाक गेलीच नाही. आग लागली, आणि साधारण वीस मिनिटांत सगळं संपलं. गॉलवेच्या नैऋत्येला अजून सुमारे ३०० मैल पाणी उरलं होतं.

तीन होड्या उतरल्या. दोन त्या रात्रीनंतर कुणी पाहिल्या नाहीत. तिसरी सेकंड ऑफिसर रिचर्ड एअर्स यांच्या ताब्यात. तीसेक माणसं, त्यांत बहुतेक हिंदी खलाशी, आणि फेब्रुवारीचा उत्तर अटलांटिक. इंजिनखोलीतून पळत आलेल्या आगवाल्याच्या अंगावर काय असणार? सुती कपडा. होडीत बिस्किटं, आटवलेल्या दुधाचे डबे, पिंपातलं मोजकं पाणी. शीड उभारून एअर्सनी पूर्वेची दिशा धरली. हातपाय थंडीने सुजले, काळे पडले. काही जण समुद्राचं पाणी प्यायले आणि भ्रमिष्ट झाले. आठवड्याभरात होडी जवळजवळ रिकामी झाली.

तेराव्या दिवशी, १ मार्चला, कॉर्नवॉलमधलं लिझर्डचं दीपगृह दिसलं. किनारा हाकेच्या अंतरावर असताना, कॅर्थिलियन कोव्हच्या खडकांपाशी लाटेने होडी उलटवली. बॉम्बहल्ल्यांमुळे शहरातून गावाकडे पाठवलेल्या काही शाळकरी मुली तिथे कड्यावर होत्या. त्यांनी होडी पाहिली आणि माणसं बोलावली. जिवंत हाती लागले ते एकटे एअर्स. त्याच होडीतून आलेला बिनतारीवाला रॉबर्ट हॅम्पशायर तिथे बुडाला. वय १८. पंच्याऐंशीच्या आसपास माणसांच्या जहाजातून एक वाचला. एअर्सना पदक मिळालं आणि बरे होताच ते परत समुद्रावर गेले.

चांदीचा युद्धविमा सरकारने भरून दिला होता, त्यामुळे बुडालेली चांदी सरकारच्या मालकीची झाली. सत्तर वर्षांनी ब्रिटिश सरकारने ओडिसी मरीन एक्स्प्लोरेशन या अमेरिकी कंपनीशी करार केला: शोधण्याचा खर्च आणि धोका कंपनीचा, सापडलं तर ८० टक्के तिला. जहाज सापडलं ४,७०० मीटरवर. टायटॅनिक ३,८०० वर आहे, त्याच्याही जवळपास एक किलोमीटर खाली. २०१२ मध्ये १,२१८ विटा वर आल्या, २०१३ मध्ये १,५७४. एकेक वीट ३५ किलोच्या घरात, एकूण सुमारे शंभर टन. विमा उतरवलेल्या चांदीतली जवळजवळ सगळी. त्यातल्या काहीची ब्रिटनच्या टांकसाळीने छोटी नाणी पाडली आणि हौशी लोकांना विकली.

चांदीबरोबर आणखी एक गोष्ट आली, आणि मला विचाराल तर तीच जास्त मोलाची: सातशेहून अधिक पत्रं. टपालाच्या थैल्या एकावर एक दाबल्या गेल्या, उजेड नाही, प्राणवायू जवळजवळ नाही, म्हणून कागद टिकला. हिंदुस्थानातून गोऱ्या सोयऱ्यांना लिहिलेली ही पत्रं, काही नाताळच्या शुभेच्छांची. वझिरीस्तानच्या सरहद्दीवरच्या एका शिपायाने लग्नाला होकार दिलेल्या मुलीला लिहिलेलं एक आहे. ते त्या वेळी तिला पोचलं नाही. २०१८ मध्ये लंडनच्या पोस्टल म्युझियमने ही पत्रं प्रदर्शनात मांडली. खलाशांची पत्रं या थैल्यांत कशी असणार. त्यांची घरं जहाज निघालं त्याच देशात होती.

समुद्रात गेलेल्या ब्रिटिश व्यापारी खलाशांची नावं लंडनला टॉवर हिलवर ब्राँझच्या पाट्यांवर कोरलेली आहेत. दुसऱ्या महायुद्धात गेलेल्या अविभाजित हिंदुस्थानातल्या सहा हजारांवर नाविकांची मात्र वही आहे. एक प्रत चितगावला, दुसरी मुंबईत, मशीद बंदर भागातल्या खलाशांच्या वसतिगृहात, इंडियन सेलर्स होममध्ये. अशा नोंदींत नाव, हुद्दा, जहाज आणि तारीख एवढंच असतं. गैरसोप्पाच्या माणसांची तारीख फेब्रुवारी १९४१ मधली.